पहिली ते चौथीच्या वर्गात आदर्श व्यक्तींची ओळख कशी करून द्यावी: नव्या शिक्षकांसाठी

जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत जयंतीच्या दिवशीचा परिपाठ एका साच्याचा असतो. प्रतिमेला हार घातला जातो, उदबत्ती लावली जाते आणि तिसरीतला एखादा मुलगा हात शरीराला चिकटवून एका दमात म्हणतो, ‘‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हांला जे दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत, ही नम्र विनंती.’’ त्यानंतर जन्मतारीख, आईवडिलांची नावे, मृत्यूची तारीख आणि ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’. टाळ्या पडतात. दुपारी त्याच मुलाला, ज्यांच्या जयंतीला तो बोलला त्या बाईंनी नेमके काय केले, असे विचारले तर ‘‘त्या थोर होत्या’’ यापलीकडे फारसे काही निघत नाही. यात मुलाचा दोष नाही. सहा ते दहा वर्षांच्या मुलाला थोरपणा कळत नाही, कृती कळते. आणि कृती तर आपण त्याला दाखवलेलीच नसते.

शिक्षणसेवक म्हणून नुकतेच रुजू झालेल्या, विशेषतः द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील पद्धत मांडली आहे. तिला वेगळे साहित्य लागत नाही. एका व्यक्तीसाठी दोन आठवडे आणि त्यांत चार तासिका एवढाच वेळ धरावा. शनिवारी दप्तराविना शाळा भरत असेल, तर त्यांतल्या दोन तासिका शनिवारीच बसवता येतात.

पहिली पायरी: आधी गुण ठरवावा, मग माणूस शोधावा

नवे शिक्षक सहसा जयंत्यांच्या यादीपासून सुरुवात करतात. यादी लागतेच, पण ती हातात घेण्यापूर्वी आठवडाभर आपला वर्ग नीट पाहावा. वाचताना अडखळणाऱ्या मुलीला इतर मुले हसतात का, खेळात हरल्यावर कोणी डाव मोडून निघून जाते का, नव्याने आलेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाशेजारी बसायला कोणी तयार होत नाही का, हे दिसू लागले की या वर्गाला आत्ता कोणत्या गुणाची गरज आहे, हे उमगते. मग त्या गुणाची कृती ज्या माणसाच्या आयुष्यात ठसठशीत दिसते, तो निवडावा.

लोक हसले, त्रास दिला तरी हाती घेतलेले काम न सोडणे, हा गुण हवा असेल तर सावित्रीबाई फुले. हरल्यावर पुन्हा उभे राहणे हवे असेल तर कुस्तीगीर खाशाबा जाधव. जे काम हलके समजले जाते ते स्वतःच्या हाताने करणे हवे असेल तर गाडगे महाराज. शाळेत जाण्याची संधी न मिळताही बारकाईने पाहून शिकणे हवे असेल तर अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे, ज्यांनी देशी बियाणे जपण्याचे काम उभे केले आणि ज्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. एका वेळी एका व्यक्तीचा एकच गुण घ्यावा. सावित्रीबाईंचे धैर्य, करुणा, कवित्व आणि संघटनकौशल्य एकाच तासिकेत कोंबले तर मुलांच्या हाती त्यांतले काहीच लागत नाही.

वर्षभराची निवड एकत्र मांडून पाहिली म्हणजे तिच्यातील उणिवाही दिसतात. सगळे पुरुष, सगळे शंभर वर्षांपूर्वीचे, सगळे राजे किंवा नेते असतील तर मुलांचा असा समज होतो की चांगुलपणा ही होऊन गेलेल्या, पगडी घालणाऱ्या माणसांची बाब आहे. निम्म्या स्त्रिया असाव्यात, निदान एक-दोन व्यक्ती आज हयात असाव्यात आणि एक तरी गावातली असावी. हयात व्यक्ती निवडताना सक्रिय राजकारणातील कोणालाही घेऊ नये. कारण स्पष्ट आहे, आणि गावात त्याचे परिणाम शिक्षकालाच भोगावे लागतात.

दुसरी पायरी: माहिती तपासून घ्यावी

मोबाइलवर फिरणाऱ्या सुविचारांपैकी कितीतरी ज्यांच्या नावावर खपतात त्यांचे नसतात. फळ्यावर लिहिलेले वाक्य मूल आयुष्यभर जपते, म्हणून ज्याचा आधार सापडत नाही ते वाक्य लिहूच नये. बालभारतीची पाठ्यपुस्तके, मराठी विश्वकोश आणि बालभारतीचे 1971 पासून निघणारे ‘किशोर’ मासिक एवढ्यांवर प्राथमिकचे काम भागते. चमत्कार, अलौकिक बुद्धी किंवा ‘लहानपणापासूनच ते वेगळे होते’ अशा धर्तीच्या कथा बाजूला ठेवाव्यात. जन्मतःच वेगळ्या असलेल्या माणसाचे अनुकरण सामान्य मुलाने करायचे कसे?

तयारी म्हणून एका कागदावर चारच गोष्टी लिहून घ्याव्यात: व्यक्ती कोठली, तिच्यापुढे अडचण कोणती होती, तिने काय केले आणि तिला मदत कोणी केली. चौथी गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते, आणि माझ्या मते मुलांच्या दृष्टीने तीच सर्वांत उपयोगाची असते. खाशाबांचेच पाहावे. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ठरले. ही गोष्ट नुसती ‘जिद्दी पहिलवाना’ची म्हणून सांगितली तर वर्गातली दोन दांडगी मुले तेवढी खूश होतात. घर गहाण ठेवणाऱ्या प्राचार्यांसह सांगितली, तर जे मूल पळण्यात शेवटचे येते त्यालाही त्या गोष्टीत जागा सापडते. 15 जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडादिन म्हणून साजरा होतो. शाळेतील खेळांच्या स्पर्धा त्याच सुमारास असतात, तेव्हा ही गोष्ट त्या आठवड्यात घ्यावी.

तिसरी पायरी: गोष्ट सांगावी आणि मध्येच थांबावे

पहिली तासिका पूर्णपणे गोष्टीची. प्रतिमा सुरुवातीला दाखवू नये, नावही सांगू नये. हार घातलेला फोटो दिसला की मुले आपोआप हाताची घडी घालतात आणि ऐकणे थांबवतात.

सावित्रीबाईंची गोष्ट तिसरी-चौथीच्या वर्गात अशी सांगता येते. ‘‘सातारा जिल्ह्यातल्या नायगावात 1831 साली एक मुलगी जन्मली. तिचे लग्न झाले तेव्हा ती तुमच्याएवढीच होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, कारण त्या काळी मुलींना शाळेत पाठवतच नसत. लग्नानंतर तिच्या नवऱ्याने तिला शिकवले, आणि 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तिथे ती शिकवू लागली. तेव्हा तिचे वय किती असेल, करा बरे वजाबाकी.’’ मुले पाटीवर वजाबाकी करतात आणि सतरा हे उत्तर ऐकून कोणीतरी हमखास म्हणते, ‘‘म्हणजे माझ्या ताईएवढी!’’ एवढ्या एका वाक्याने ती बाई भिंतीवरून खाली उतरून वर्गात येते.

पुढे सांगावे की ती शाळेला निघाली की रस्त्यात काही लोक तिच्या अंगावर शेण आणि चिखल फेकत, कारण मुलींनी शिकावे हे त्यांना पसंत नव्हते. येथे थांबावे. ‘‘आता तिने काय करावे?’’ एवढेच विचारून गप्प बसावे. उत्तरे येऊ लागतात: घरी परत जावे, पोलिसांना सांगावे, आपणही शेण फेकावे, दुसऱ्या रस्त्याने जावे. शेण फेकणाऱ्या उत्तरावर वर्ग हसतो आणि शिक्षकाला रागावण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण ते प्रामाणिक उत्तर आहे. सगळी उत्तरे फळ्यावर लिहून घ्यावीत आणि प्रत्येकाखाली ‘मग शाळेचे काय होईल?’ असे विचारावे. त्यानंतरच सांगावे की ती सोबत दुसरे लुगडे नेई, शाळेत पोचल्यावर मळलेले लुगडे बदलून शिकवायला उभी राही आणि परतताना पुन्हा तेच मळलेले नेसून घरी जाई. मग नाव सांगावे, आणि तेव्हाच प्रतिमा दाखवावी.

पहिली-दुसरीच्या मुलांना इतकी उत्तरे तोलणे झेपत नाही. त्यांच्यासाठी साल, ठिकाण सारे वगळून पिशवीतून ओढणी काढावी, ती बदलून दाखवावी आणि मुलांना आळीपाळीने ती कृती करू द्यावी. दोन वर्ग एकत्र असतील तर धाकट्यांनी अभिनय आणि थोरल्यांनी निवेदन, अशी वाटणी सोपी पडते.

अन्याय दाखवणाऱ्या गोष्टी मात्र जपून हाताळाव्या लागतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्यांना वर्गात वेगळे, स्वतः घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. आठ वर्षांच्या मुलाला यातला अन्याय लगेच कळतो, तो लपवण्याचे कारण नाही. मात्र ‘अनुभव यावा’ म्हणून वर्गातल्या कोणा मुलाला प्रत्यक्ष बाजूला बसवण्याचा प्रयोग कधीही करू नये. ज्याला बसवले त्याच्या मनावर त्याचा जो ओरखडा उठतो, तो पुसण्याचे साधन शिक्षकापाशी नसते. ‘हे तर त्यांचे, आमचे वेगळे’ असे एखादे मूल घरून ऐकलेले बोलून दाखवते, तेव्हाही त्याला सर्वांसमोर झापू नये. ‘‘पाण्याला हात लावायचा नाही, असे तुला कोणी म्हटले तर?’’ असे विचारून गोष्टीकडे परत आणावे.

चौथी पायरी: प्रश्न विचारावेत

दुसरी तासिका चर्चेची. ‘‘त्या कशा होत्या?’’ या प्रश्नाला ‘‘महान’’ हेच उत्तर येणार. ‘‘तुम्हांला कोणासारखे व्हायचे आहे?’’ हाही प्रश्न या वयात टाळावा, कारण मुले शिक्षकाला काय आवडेल हे ओळखून उत्तर देतात. त्याऐवजी घडलेल्या गोष्टीत शिरायला लावणारे प्रश्न विचारावेत: पहिल्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी कोणाला सांगितले असेल? त्यांना भीती वाटली असेल का? शेण फेकणाऱ्यांत एखादा असा असेल का, ज्याला मनातून ते पटत नव्हते? शेवटचा प्रश्न चौथीत विचारून पाहावा. चिडवणाऱ्यांच्या घोळक्यात गप्प उभी राहणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि ती या प्रश्नावर हमखास मान वर करतात.

चौथीच्या मुलांना मोठी माणसे घाबरतात, चुकतात हेही कळायला हवे. बाबा आमटे यांना पहिल्यांदा कुष्ठरोगी, तुळशीराम, दिसला तेव्हा ते घाबरून निघून गेले होते. त्या भीतीची त्यांना लाज वाटली, ते परतले, त्यांनी त्याची शुश्रूषा केली, आणि आनंदवनाचे काम त्यातूनच पुढे उभे राहिले. डॉ. अब्दुल कलाम ज्या मोहिमेचे प्रकल्पप्रमुख होते, त्या उपग्रह प्रक्षेपकाचे 1979 सालचे पहिले उड्डाण फसले, तेव्हा इस्रोचे प्रमुख सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर गेले आणि त्यांनी जबाबदारी घेतली. पुढच्या वर्षी उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केले. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी कलामांच्या वृत्तपत्रे टाकण्याची गोष्ट सगळेच सांगतात. धवनांची गोष्ट सांगून पाहावी आणि विचारावे, ‘‘गटाचा तक्ता फाटला तर तुमच्या गटातला कोण उठून उभा राहील?’’

पाचवी पायरी: कृती करून पाहावी

गोष्ट आणि चर्चा यांवर थांबले तर भाषणापेक्षा फार वेगळे काही घडत नाही. म्हणून तिसऱ्या तासिकेत प्रत्येक मुलाने एक अशी कृती निवडावी, जी आठवडाभरात, पैसे न लागता, स्वतःच्या हाताने होईल. ‘मी समाजसेवा करीन’ ही कृती नव्हे. ‘वाचताना जो अडखळेल त्याला मी हसणार नाही आणि त्याला पुढचा शब्द सांगेन’ ही कृती आहे. राहीबाईंवरून घरातील आजी-आजोबांकडून वाल, घेवडा, भोपळा अशा बिया मागून आणणे, त्यांची नावे विचारून घेणे आणि काचेच्या बाटलीत चिठ्ठी लावून ठेवणे, ही कृती धाकटी मुलेही आवडीने करतात.

गाडगे महाराजांबाबत इशारा द्यायला हवा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले हे संत गावात पोचल्यावर आधी झाडू हातात घेत, दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारत. त्यांची जयंती 23 फेब्रुवारीला आणि पुण्यतिथी 20 डिसेंबरला असते. त्या दिवशी मुलांच्या हाती झाडू देऊन फोटो काढायचा आणि तो मोबाइलवरच्या गटावर टाकायचा, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी काम आटोपते. स्वच्छता करायचीच तर ती आठवडाभर करावी, शिक्षकाने पहिला झाडू स्वतः घ्यावा आणि पाळीच्या यादीत मुली व मुलगे सारखे असावेत. झाडायला मुली आणि खुर्च्या उचलायला मुलगे, किंवा ठरावीक घरांतील मुलांनाच सफाईचे काम, असे घडत असेल तर आपण गाडगे महाराजांच्या नावाने नेमके त्यांच्या उलट शिकवत आहोत.

कृती पूर्ण न करणाऱ्या मुलाला शिक्षा करू नये, आणि पूर्ण करणाऱ्याला बक्षीसही देऊ नये. ‘‘कसे झाले? काय अवघड गेले?’’ असे शनिवारी विचारणे पुरेसे असते.

सहावी पायरी: गावातल्या माणसाला वर्गात बोलवावे

चौथी तासिका माझ्या मते सर्वांत फलदायी ठरते, आणि तीच गाळली जाते. आशाताई, एसटीचे वाहक, वायरमन, पोस्टमन, ग्रंथपाल, दुधाच्या डेअरीत काम करणारी बाई, यांपैकी कोणालाही बोलवता येते. सुरुवात शाळेतच करावी, म्हणजे शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंपासून. मुले त्यांना रोज पाहतात, परंतु त्यांचे काम कधी विचारत नाहीत.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी मुलांकडून प्रश्न लिहून घ्यावेत आणि त्यांतले सहा-सात निवडावेत. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ हे प्रमाण आहे. मग चाळीस मुले आली तर किती, हे मुलांनी आधी काढावे आणि ताईंना विचारावे की मुलांची हजेरी रोज बदलते, मग तांदूळ कसा मोजता, भात करपला तर काय करता, पावसात लाकडे ओली झाली किंवा सिलिंडर संपला तर मुलांना उपाशी न ठेवता कसे निभावता. ताई सुरुवातीला संकोचून ‘‘मी काय सांगणार, गुरुजी’’ म्हणतात. मुलांचे दोन-तीन प्रश्न झाले की त्या मोकळेपणाने बोलू लागतात. भाषणाची विनंती करू नये, माईक देऊ नये, श्रीफळ-शाल टाळावी; मुलांमध्ये सतरंजीवर बसून गप्पा व्हाव्यात. शाळा व्यवस्थापन समितीला आधी कल्पना दिलेली बरी, आणि पाहुण्यांना वेळेची मर्यादा आधीच सांगावी, नाहीतर काही वायरमन जबरदस्त गोष्टीवेल्हाळ निघतात.

पडद्यावरचे नायक आणि घरची माणसे

कोण आवडते, असे मोकळेपणी विचारले तर मुले मोटू-पतलू, छोटा भीम, क्रिकेटपटू आणि मोबाइलवर खेळ खेळून दाखवणारे यूट्यूबर यांची नावे सांगतात. त्यांना नाके मुरडू नयेत. आवडते माणूस आणि आदर्श माणूस यांतला फरक मुलांनाच काढू द्यावा, आणि त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: ‘‘त्याने कोणासाठी काय केले?’’ क्रिकेटपटूच्या बाबतीत त्याला कधीकधी चांगले उत्तर मिळते, तेही मान्य करावे.

‘माझे बाबा माझा आदर्श’ हा निबंध सर्वांना सक्तीने देऊ नये. कोणाचे वडील नाहीत, कोणाचे बाहेरगावी कामाला आहेत, कोणाच्या घरी रोज दारूवरून भांडण होते. ‘घरातले किंवा ओळखीचे कोणीही, ज्याची एक गोष्ट मला करून पाहावीशी वाटते’ असा विषय दिला, तर आजीपासून शेजारच्या काकांपर्यंत कोणीही चालते आणि कोणा मुलाला खोटे लिहावे लागत नाही.

नोंदी कशा ठेवाव्यात

या कामाला गुण देऊ नयेत आणि त्यावर लेखी प्रश्न काढू नयेत. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदीत ‘आदर्श व्यक्तींबद्दल आदर बाळगतो’ असे सर्वांपुढे एकच वाक्य उतरवण्याची पद्धत आहे; ती सोडून पाहिलेली घटना तारखेसह लिहावी. ‘मधल्या सुट्टीत दुसरीतल्या मुलाची चप्पल शोधून दिली’, ‘कबड्डीत बाद झाल्यावर वाद न घालता बाहेर गेली’, ‘गटाचा तक्ता आपल्याकडून फाटला, हे स्वतः येऊन सांगितले’. महिन्यातून प्रत्येक मुलाची एक नोंद झाली तरी पुष्कळ. ज्या मुलांच्या नावापुढे दोन महिन्यांत एकही नोंद नाही, त्यांच्याकडे आपले लक्षच गेलेले नाही असे समजावे आणि पुढच्या आठवड्यात त्यांना जाणीवपूर्वक पाहावे.

वर्षभरात पाच-सहा व्यक्ती पुरे होतात. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा पहिला महिना केवळ वर्ग पाहण्यात घालवावा, जुलैमध्ये पोषण आहाराच्या ताईंपासून सुरुवात करावी, ऑक्टोबरात कलाम आणि धवन, डिसेंबरात गाडगे महाराज, 3 जानेवारीच्या आठवड्यात सावित्रीबाई, त्यामागोमाग खाशाबा आणि पेरणीची चर्चा घरोघरी सुरू होण्यापूर्वी, मार्चच्या अखेरीस, राहीबाई. बाकीच्या जयंत्या परिपाठात नेहमीप्रमाणे होऊ द्याव्यात. मुख्याध्यापकांना त्याचा अहवाल द्यावाच लागतो.